मुळगावचा चिखल

म्हापशाहून डिचोलीकडे निघालं की अस्नोड्यानंतर मुळगाव लागतं. गोवा म्हटल्यावर आपल्या मंडळातल्या तरुण मंडळींच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं इथे काही नाही. समुद्र नाही, शॅक नाही, भाड्याच्या स्कूटरींची रांग नाही. शेतं आहेत, माड आहेत, चिऱ्याची घरं आहेत, केळबाईचं देऊळ आहे आणि या सगळ्याच्या वरच्या अंगाला लोहखनिजाचे डोंगर आहेत. केळबाई ही शिरगावच्या लईराईची बहीण. सात बहिणी आणि एक भाऊ, अशी ती कथा. मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाई, जिला ख्रिस्ती बांधव मिलाग्रिस सायबीण म्हणून पुजतात, आणि भाऊ वायंगिणीचा खेतोबा. पेडण्यापासून डिचोलीपर्यंतचा मुलूख या भावंडांनी आपसात वाटून घेतलाय, असं आई सांगायची. मुळगाव तिचं माहेर, म्हणजे माझं आजोळ.

बेंगळूरूहून आम्ही दरवर्षी जुलैत तिथे जातो. लोक गोव्याला डिसेंबरात जातात, आम्ही भर पावसात. बेळगावपर्यंत मोठा हमरस्ता, मग जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी, डिचोली. घाटात ढग रस्त्यावर उतरलेले असतात आणि वायपर थांबवायची सोय नसते. तीन वर्षांपूर्वी आम्ही थार घेतली तेव्हा आमच्या इमारतीतल्या एका काकांनी विचारलं होतं, "बेंगळूरूच्या ट्रॅफिकमध्ये फोर बाय फोर कशाला गं?" प्रश्न रास्त आहे. ट्रॅफिकमध्ये तिचा काही उपयोग नाही. पण मामाच्या काजूच्या डोंगराकडे जाणारी वाट ज्यांनी जुलैत पाहिली आहे, त्यांना तो प्रश्न पडणार नाही.

ही वाट जेमतेम दोन किलोमीटरची. सुरुवातीला चिऱ्याच्या दगडांवरून, मग एक व्हाळ ओलांडून, मग चढ. पूर्वी मामा खताच्या गोणी डोक्यावरून न्यायचा. मग त्याने कुणाची तरी जुनी जीप भाड्याने घ्यायला सुरुवात केली. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या, त्या वंशातली. ती जीप गेली तेव्हापासून जुलैचं ते काम आमच्याकडे आलं. कुंपणाचे खांब, खत, तारांची भेंडोळी, मागच्या सीटवर माझा मुलगा आणि दोन भाचे, आणि पुढे माझ्या शेजारी मामा, एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने वाट दाखवत. व्हाळाशी आलं की आधी तो उतरतो आणि काठी घालून पाण्याची खोली बघतो. कंपनी सांगते की ही गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. मामाची मर्यादा त्याच्या गुडघ्याइतकी आहे, आणि पाणी गढूळ असून जोरात वाहत असेल तर तेवढीही नाही. मला मामाची मर्यादा जास्त पटते.

चालवण्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय फेरी भरते, मूळ स्पर्धा मलेशियातली, १९९७ची. तिचे व्हिडिओ आमच्या भाच्यांना पाठ आहेत. छातीभर चिखलातून विंचने ओढून काढलेल्या गाड्या, लाल कारंजी, आरडाओरडा. त्या व्हिडिओत एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली झोपून चिखल खरवडणारा माणूस. मला त्या माणसाबद्दल लिहायचंय. आपल्या मंडळातल्या निदान सहा-सात घरांत आता थार किंवा जिम्नी उभी आहे आणि पावसाळी सहलींचे बेत ठरताहेत, म्हणून हा खटाटोप.

आधी चिखलाची ओळख. मुळगावात चिखल एका जातीचा नसतो. शेतातला चिखल काळपट, मऊ, सेंद्रिय वासाचा. तो लवकर सुटतो. डोंगरावरचा चिखल जांभ्या दगडाचा, लाल आणि चिकट. जांभा म्हणजे ज्याचे चिरे पाडून आपली कोकणातली घरं बांधली तोच. इंग्रजीत त्याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकनन याने १८०७ साली दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. हा चिखल वाळला की खरोखरच विटेसारखा होतो. तिसरा चिखल खाणीचा. दिसायला तोही लालच, कधी तांबूस काळा, पण हातात घेतला की जड लागतो. त्यात हेमाटाइटचा भुगा असतो. साधी वाळू पाण्याच्या अडीचपट जड असते, हेमाटाइट पाचपट. कणही कठीण, पोलादी सुरीवर ओरखडा काढू शकेल इतके. अशा चिखलाने माखलेल्या बॉनेटवर फडकं फिरवणं म्हणजे रंगावर पॉलिश पेपर घासणं.

हा खाणीचा चिखल इथे कुठून आला ते तरुण वाचकांना थोडक्यात सांगायला हवं. डिचोली तालुक्यात पोर्तुगीज काळापासून लोहखनिजाच्या खाणी आहेत. माल ट्रकने मांडवीच्या काठच्या धक्क्यांवर, तिथून बार्जने मुरगाव बंदरात, आणि तिथून जपानला, पुढे चीनला. माझ्या लहानपणी रस्त्याकडेच्या झाडांची पानं हिरवी नसत, गेरू लावल्यासारखी असत. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. काही अटींवर ते परत सुरू झालं, मग ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ लीज रद्द झाली आणि मार्चमध्ये यंत्रं पुन्हा बंद पडली. २०२२च्या शेवटी नव्याने लिलाव झाले, त्यात डिचोली-मुळगावचा पट्टाही होता, आणि २०२४ मध्ये तिथे काम सुरू झालं. गावातली घरं, देवळं आणि शेतं लीजच्या हद्दीतून वगळा, ही मुळगावच्या लोकांची मागणी तेव्हापासून चालू आहे. याच गावात ट्रकच्या कर्जाच्या हप्त्यांसाठी खाण सुरू व्हावी म्हणून डोळे लावून बसलेली घरंही होती. दोन्ही बाजू आमच्याच नात्यात आहेत, त्यामुळे जेवताना हा विषय मामी काढू देत नाही.

मामाचं शेत उताराच्या तळाशी आहे. पावसात वरून जे वाहतं ते शेवटी तिथे येतं. गेल्या काही वर्षांत त्याच्या दोन चौंडकांत लाल गाळाचा थर बसला. भाताला फुटवे कमी येतात, असं तो म्हणतो. सरद पिकाच्या आधी तो गाळ खरवडून बांधावर टाकतो. दर वर्षी. सत्तरीच्या पुढचा माणूस आहे.

म्हणून पहिल्याच जुलैत, काजूच्या डोंगरावरून गाडी खाली आली, मुलं "व्हाळात धुवूया, मस्त मजा येईल" म्हणून उड्या मारू लागली, तेव्हा मामा फक्त एवढंच म्हणाला, "व्हाळ खंय वता, पळयलां?" म्हणजे व्हाळ कुठे जातो ते पाहिलंत का? पोरं गप्प झाली. व्हाळ त्याच्याच शेतात जातो, आणि त्याच्या खालच्या पाच जणांच्या शेतांत.

गाडीबरोबर फक्त माती येत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. चासीखालून निघणाऱ्या पाण्यात ग्रीस असतं, गळणाऱ्या सीलचं तेल असतं, ब्रेक लायनरची भुकटी असते. एका इंजिनातून काढलेलं जुनं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. आपल्या चासीखाली तेवढं नसतं, पण नदीत गाडी घालून धुण्याचे जे फोटो आपण कौतुकाने बघतो, त्यांत पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो का, हे एकदा पाहा.

मग गाडी धुवायची कुठे आणि कशी? आमच्याकडे तीन वर्षांत जी रीत बसली ती सांगते.

पहिला भाग डोंगरावरच होतो. वाट संपून चिऱ्याचा कठीण रस्ता लागायच्या आधी गाडी थांबवायची आणि बांबूची चीप घेऊन मडगार्डच्या आतले, टायरच्या खाचांतले, चाकांच्या रिमच्या आतल्या बाजूचे मोठे गोळे काढायचे. लोखंडी पट्टी नको, तिने रंग जातो आणि गंज सुरू होतो. डोंगराची माती डोंगरावर राहते आणि रस्त्यावर मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर उडत नाही. रिमच्या आतला चिखल तर काढायलाच हवा. तो एका बाजूला बसला की चाकाचा तोल जातो आणि साठच्या वर स्टीअरिंग थरथरायला लागतं. कित्येक जण तेवढ्यासाठी गॅरेजला जाऊन अलाइनमेंटचे पैसे भरून येतात. आत हात घालून बघितलं असतं तर मूठभर माती निघाली असती.

कठीण रस्त्यावर आलं की फोर व्हील ड्राइव्ह काढून टू व्हीलवर यायचं. थार, जिम्नी, जुनी जिप्सी, या सगळ्यांची फोर व्हील ड्राइव्ह तात्पुरती घालायची असते. कोरड्या डांबरावर ती तशीच ठेवली तर पुढची-मागची चाकं वळणावर एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणाचा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

घरी आल्यावर पाणी लगेच मारायचं नाही. इंजिन आणि ब्रेकच्या डिस्क गरम असतात, त्यांवर गार पाणी पडलं तर डिस्क वाकडी होऊ शकते. अर्धा तास थांबायचं. मामी तेवढ्यात चहा आणि भाजी-पाव देते, त्यामुळे हा नियम आमच्याकडे कुणी मोडत नाही.

पण अर्ध्या तासाच्या पुढे मात्र ढिलाई नको. जांभ्याची माती ओली असेपर्यंतच ऐकते. रात्रभर वाळू दिली की दुसऱ्या दिवशी तिप्पट पाणी लागतं.

पाण्याचं म्हणाल तर जुलैतल्या मुळगावात तो प्रश्न नसतो. कौलांच्या पन्हळीखाली मामाने दोन मोठी निळी पिंपं ठेवली आहेत, ती तासाभरात भरतात. गाडी उभी करतो ती विहिरीपासून लांब, घराच्या मागे, चिऱ्याच्या फरसबंदीवर. फरसबंदीच्या खालच्या टोकाला मामाने हातभर खोल खड्डा केलाय. पाणी त्यात जातं, माती खाली बसते, वरचं पाणी गवतातून जिरतं. तवंग दिसला तर त्यावर काथ्याची बोचकी टाकून तो टिपायचा. मामाने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. खाणीवर गाळ बसवायला असेच, फक्त डोंगराएवढे, तलाव केलेले त्याने पाहिलेत. "त्यांचे फुटतात," तो म्हणतो, "माझा फुटत नाही."

धुण्याचा क्रम खालून वर. आपण सगळे उलटं करतो, कारण वरचं दिसतं. पण गाडी जी सडते ती खालून. चासीच्या पोकळ पट्ट्यांना पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की आत ओली माती कोंडून राहते आणि गंज आतून बाहेर येतो. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ती भोकं बोटाने, काडीने मोकळी करायची. इंजिनखाली जे पत्र्याचं संरक्षण असतं त्यावर दोन-दोन किलो माती बसलेली असते. पाण्याचा पाइप त्यावर सोडून द्यायचा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत हलायचं नाही. माझ्या मुलाचं काम ते. तो अठराचा आहे आणि त्याला चिखलात लोळायला कारण हवंच असतं.

प्रेशर वॉशर सगळ्यांना आवडतो, मलाही. पण तो शेवटी, आणि अंतर राखून. जवळून मारलेली धार तेलाच्या सीलमधून पाणी आत ढकलते, वायरिंगच्या जोडांत घुसवते, अल्टरनेटरमध्ये घालते. आणि रेडिएटरवर तर कधीच नको. त्याच्या पापण्यांसारख्या पातळ पट्ट्या धारेने वाकतात आणि हवा अडते. रेडिएटरला साध्या पाइपने, जमेल तितकं आतून बाहेर पाणी द्यायचं, म्हणजे माती आली तशी परत जाते. रेडिएटर आणि त्याच्या पुढची एसीची जाळी, या दोघांच्या मधली फट टॉर्च लावून बघायची. तिथे चिखलाचा पापुद्रा राहिला तर गोव्याच्या पावसात काही कळत नाही, चोर्ल्याचा चढ लागला की तापमानाचा काटा वर सरकायला लागतो.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर. थार आणि जिम्नी दोन्हींना मागच्या चाकांत ड्रम आहेत. ड्रम बंद डब्यासारखा, त्यामुळे पाणी उशिरा शिरतं पण शिरलं की चिखलासकट राहतं. मग लायनर आणि ड्रम यांच्या मध्ये खनिजाची वाळू, आणि प्रत्येक ब्रेकला दळण. आम्ही डोंगराच्या कामानंतर दर वर्षी मागचे ड्रम उघडून घेतो. गॅरेजवाला तासाभरात दोन्ही साफ करून देतो. गेल्या वर्षी उघडले तेव्हा आतून गेरूसारखी मऊ लाल पूड निघाली, दोन चहाचे कप भरतील इतकी. पुढच्या डिस्कमागच्या पातळ पत्र्यात छोटा खडा अडकला तर चालताना किरर्र आवाज येतो आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडीचं आयुष्य संपलं. बहुतेक वेळा खडाच असतो. गाडी धुऊन झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर हळू चालवत ब्रेक पाच-सहा वेळा हलका दाबायचा. ओले ब्रेक त्याने वाळतात.

व्हाळ ओलांडला असेल तर आणखी एक तपासणी लागते, आणि ती शहरातली मंडळी हमखास टाळतात कारण बाहेरून काहीच दिसत नाही. मागच्या धुरीवरचा डिफरन्शियल चालून गरम होतो. तो एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि तो श्वास आत ओढतो. त्याला श्वास घ्यायला वर एक नळी असते. ती चिखलाने बुजली असेल तर तो सीलच्या कडेने पाणी ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा भरणीचा बोल्ट उघडून तेलाचा रंग बघायचा. तेल मधासारखं असेल तर झाकण लावून विसरून जा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, तेल बदलायला हवं, आणि "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणून चालणार नाही. पाणी मिसळलेलं तेल दात्यांना वाचवत नाही. काढलेलं तेल डब्यात भरून गॅरेजला परत द्यायचं. कोकणात ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात. आम्ही देत नाही, खांब शेताच्या बांधावरच असतात.

ज्या जोडांना ग्रीसचे निप्पल आहेत तिथे ग्रीस गनने नवं ग्रीस घालायचं, जुनं मातकट ग्रीस आणि पाणी बाहेर येईपर्यंत. पुढच्या चाकांजवळचे रबरी बूट चिरलेत का ते हात फिरवून पाहायचं. शंभर रुपयांची चीर दुर्लक्षित राहिली तर वाळू आत जाते आणि हजारोंचा जोड बदलावा लागतो. एअर फिल्टर काढून बघायचा. तो ओला असेल तर पाणी अपेक्षेपेक्षा वर आलं होतं असं समजायचं आणि गाडी सुरू करण्याआधी गॅरेजवाल्याला फोन करायचा. आतली गालिचे-मॅट काढून वाळवायची. थारच्या तळाला पाणी काढायची बुचं आहेत, ती धुतल्यावर परत लावायची आठवण ठेवा.

एक गोष्ट मात्र करून घेऊ नका. किनारपट्टीच्या बऱ्याच सर्व्हिसिंगवाल्यांकडे धुतल्यावर चासीखाली डिझेल आणि जुन्या तेलाचा फवारा मारून देतात, "गंज धरत नाही" म्हणून. गाडी काळी चकचकीत दिसते. पण त्याने रबराचे बुश फुगतात, पुढच्या फेरीची धूळ त्यावर घट्ट बसते, आणि पहिल्या पावसात ते तेल थेंब थेंब रस्त्यावर उतरतं. गंजाची काळजी असेल तर स्वच्छ, पूर्ण वाळलेल्या चासीवर मेणासारखं लेपन करून घ्यावं. ओल्या मातीवर लेपन म्हणजे गंजाला पांघरूण.

आता भाच्यांचा प्रश्न. त्यांना दर वर्षी सड्यावर जायचं असतं. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्याचं उघडं पठार. पेडण्यात मोपाचं नवं विमानतळ झालं तेही अशाच पठारावर. उन्हाळ्यात बघाल तर काळा कातळ, काही उगवेल असं वाटत नाही. पावसात त्यावर बोटभर माती आणि तळहाताएवढी डबकी, आणि त्यांत गेंद, सीतेची आसवं, किडे खाणारी दवबिंदू. कास पठाराला बघायला आपण बेंगळूरूहून जातो, तिकीट काढतो, दोरीच्या अलीकडून फोटो घेतो. तशीच फुलं इथे दोरीशिवाय आहेत. मोकळं, सपाट, चिखलाचं मैदान दिसलं की फोर बाय फोरवाल्यांना हात शिवशिवतात. पण बोटभर मातीवर चाक एकदा गोल फिरलं की खाली कातळ उघडा पडतो, आणि ती बोटभर माती साठायला किती पावसाळे गेले ते मोजायला कुणी बसलेलं नसतं. कोकणातल्या अशाच सड्यांवर माणसांनी हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. त्यांतली अनेक शिल्पं माती आणि गवताखाली होती, म्हणजे गाडी त्यांवरून गेली असती तरी चालवणाऱ्याला कळलं नसतं.

तेव्हा भाच्यांना मी सरळ नाही म्हणते. चिखलात खेळायचंच असेल तर आषाढी द्वादशीला माशेलला जा, देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो असतो, हवं तेवढं लोळा. तिथला चिखल देवाने खेळण्यासाठीच ठेवलाय. मोठा भाचा म्हणतो, "मावशी, तिथे गाडी नेता येत नाही." तेच तर.

चिखलाबरोबर बियाही प्रवास करतात, हे मला माझ्या नणंदेच्या मुलीमुळे कळलं. ती ऑकलंडला शिकायला गेली तेव्हा ट्रेकिंगचे बूट तिने तसेच बॅगेत टाकले होते. विमानतळावर जैवसुरक्षावाल्यांनी बूट काढायला लावले, तळवे तपासले, घेऊन गेले आणि धुऊन परत आणून दिले. वर मातीबद्दल आधीच अर्जात सांगितलंस म्हणून दंड नाही, असंही ऐकवलं. तिने हसत हसत फोनवर सांगितलं. मला मात्र आमच्या गाडीचे टायर आठवले. बेंगळूरू ते बेळगाव रस्त्याच्या दोन्ही कडांना काँग्रेस गवत माजलेलं असतं. ते मूळचं अमेरिकेतलं, आपल्याकडे १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज देशभर आहे. कोकणच्या डोंगरांवर पसरलेली रानमोडीही तिकडचीच पाहुणी. तेव्हापासून आम्ही गाडी मुळगावला जायच्या आधी इथे बेंगळूरूत खालून धुऊन घेतो. धुणारा मुलगा विचारतो, "मॅडम, चिखलात चाललात ना, मग आता कशाला?" त्याला काँग्रेस गवताची गोष्ट सांगायची तर कन्नडमधला माझा शब्दसाठा संपतो. मी पैसे देते आणि धू म्हणते.

या वर्षी खड्ड्यातला गाळ मामाने वाळवून बाजूला काढला तेव्हा मुलाने त्यावरून लोहचुंबक फिरवलं. डोंगराच्या मातीला फारसं काही चिकटलं नाही. मग त्याने शेताच्या बांधावरून मूठभर गाळ आणला, तर त्यातून काळ्या बारीक कणांची दाढी उगवली. हेमाटाइट चुंबकाला फारसं दाद देत नाही, त्यात मिसळलेलं मॅग्नेटाइट देतं. मामा बराच वेळ ते बघत उभा होता. त्याने ते चुंबक मागून घेतलं आणि खिशात टाकलं. पंचायतीच्या सभेला नेणार, म्हणाला.

परतीच्या दिवशी पाऊस थांबला नव्हता. चोर्ल्याचा घाट चढून कणकुंबीला आम्ही चहाला थांबलो. अशा वेळी गाडीभोवती एक चक्कर मारायची आणि चारही चाकांजवळ हाताचा तळवा न्यायचा. स्पर्श करायचा नाही, जवळ न्यायचा. तीन चाकं सारखी कोमट आणि एक तापलेलं असेल तर तिथला ब्रेक चिखलाने अडकलाय. डोंगराच्या कामात चाकं काढली असतील तर नट पुन्हा आवळायचे, शंभरेक किलोमीटरनंतर ते थोडे सैल पडतात. आमची चारही कोमट होती. मुलाने पान्याने नट तपासले, धाकट्या भाच्याने टायरच्या खाचेतून राहिलेला एक लाल गोळा काढून मामाच्या डोंगराची आठवण म्हणून रुमालात बांधायला घेतला. त्याला तो तिथेच झाडीत टाकायला लावला आणि आम्ही बेळगावच्या रस्त्याला लागलो.